यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, प्रवेशाला नेमकं लागतं काय? (नववी पुण्यात, दहावी इथे)

मधुरा_एन
नमस्कार मंडळी. या जूनमध्ये आम्ही पुण्याहून बे एरियात आलो. लेकीने नववी सीबीएसईतून पुण्यात केली, ऑगस्टपासून इथल्या पब्लिक स्कूलमध्ये दहावीला जाते. आल्या आल्या पहिल्याच पॉटलकपासून एकच विषय कानावर: कॉलेज. आणि प्रत्येकाचं सांगणं वेगळं. यूसीच्या साइटवर लिहिलंय की कॅलिफोर्नियातल्या मुलांना जीपीए (ग्रेडची सरासरी) ३.० पुरे. शेजारच्या काकू म्हणतात ४.२ च्या खाली असेल तर यूसीच्या बर्कली कॅम्पसचं नावच काढू नका. नवऱ्याच्या ऑफिसातले एकजण म्हणाले सॅट या प्रवेश परीक्षेचा क्लास आत्ताच लावा. ऑस्टिनचे दीर म्हणतात सॅट-बिट राहू दे, शाळेत नंबर कितवा ते बघा.

आपल्याकडे कसं, लिस्ट लागायची, शेवटचा टक्का दिसायचा, आपण त्याच्या वर की खाली ते कळायचं. रडायचं तर तिथेच रडून मोकळं व्हायचं. इथे तो आकडाच सापडत नाहीये. सरकारी विद्यापीठ आहे म्हणजे नियम कुठेतरी लिहिलेले असतीलच ना? ते कोणीतरी नीट सांगा. खाजगी कॉलेजं, आयव्ही वगैरे आमच्या डोक्यात नाहीत, खिशातही नाहीत.

ता.क. मुलीला मराठी-हिंदी दोन्ही उत्तम येतात, तरी स्पॅनिश घ्यावी लागेल का? आणि कथ्थकच्या परीक्षा दिल्या आहेत, त्यांचा काही उपयोग?

टोमणेकाका
पहिल्या पॉटलकला कॉलेजचा विषय? उशीर झाला तुम्हाला. आमच्याकडे बारशाला निघतो.

गणिताची_बाई
मधुरा, मी इथे एका पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवते, त्यामुळे हे रोजचंच आहे. नियम लिहिलेले आहेत आणि बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. फक्त ते उंबरठ्याचे नियम आहेत, निवडीचे नाहीत. आधी उंबरठा सांगते.

यूसीला 'ए टू जी' नावाचे विषयगट लागतात, एकूण वर्षभराचे १५ कोर्स. इतिहास-समाजशास्त्र २ वर्षं, इंग्रजी ४, गणित ३ (४ केलं तर बरं), विज्ञान २ (इथेही ३ केलेलं बरं), इंग्रजीखेरीज दुसरी भाषा २, कला १ (हाच 'एफ' गट) आणि एक इलेक्टिव्ह. प्रत्येकात सी ग्रेड किंवा वर. यातले किमान ११ अकरावी संपेपर्यंत झालेले हवेत. शाळेत विषय आहे म्हणजे तो ए टू जीत मोजला जाईलच असं नाही. यूसीच्या साइटवर शाळेचं नाव टाकलं की त्या शाळेचे मान्य कोर्स दिसतात. ती यादी लेकीच्या चार वर्षांच्या आराखड्याशेजारी ठेवून बघा. आई-वडील हे करतच नाहीत, आणि बारावीच्या ऑक्टोबरात माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहतात.

आता जीपीए. यूसी स्वतःचा वेगळा जीपीए काढते. दहावी आणि अकरावीचे ए टू जी विषय तेवढे धरते (नववीनंतरच्या सुट्टीपासून अकरावीनंतरच्या सुट्टीपर्यंत). ए मायनस असो की ए प्लस, दोन्हीला ४ च. एपी (कॉलेजच्या पातळीचा) किंवा मान्य ऑनर्स (वरच्या पातळीचा) कोर्सला एक गुण जास्त, पण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरपुरता, आणि त्यात दहावीची चारच धरतात. म्हणून शाळेच्या प्रगतिपुस्तकावरचे ४.७, ४.८ वगैरे आकडे ऐकून घाबरू नका, यूसीच्या हिशोबात ते तिथवर जातच नाहीत.

नववीचे मार्क या जीपीएत येत नाहीत, पण विषय मोजले जातात. पुण्यातल्या नववीचे मार्क अर्जात जसेच्या तसे भरायचे. टक्क्यांचं ए-बी-सी आपल्या मनाने करत बसायचं नाही.

भाषेचं आणि कथ्थकचं उद्या लिहिते, पेपर तपासायचेत.

चैत्रपालवी
बाई, माहिती बरोबर आहे, पण ती ऐकून लोकांना खोटी आशा लागते असं माझं मत. ३.० ही किमान अट म्हणजे थट्टा आहे. आमच्या मुलाने ए टू जी सगळं केलं, जवळजवळ सगळे ए, ढीगभर एपी. यूसीएलए नाही, बर्कली नाही, सॅन डिएगो नाही. डेव्हिसला मिळालं, तोही यूसीचाच कॅम्पस. मग त्या नियमांचा उपयोग काय? मला तरी ही लॉटरीच वाटली.

टोमणेकाका
डेव्हिसला मिळालं आणि हे दुःख? डेव्हिसवाले वाचत असतील हो.

चैत्रपालवी
डेव्हिसबद्दल तक्रार नाही, मुलगा खूश आहे तिथे. तक्रार आहे ती 'नियम पाळा, मिळेल' या आश्वासनाबद्दल.

ज्युनियर_गोंधळी
मी इथेच जन्मलेली, मराठी शाळेत बळंच पाठवलेली, आता यूसीत तिसऱ्या वर्षाला. मराठीच्या चुका पोटात घाला.

चैत्रपालवी मावशी, असं आश्वासन कोणीच दिलेलं नाही. यूसीएलएला (यूसीचा लॉस एंजेलिसचा कॅम्पस) २०२४ च्या फॉलसाठी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्रासाठी, फ्रेशमनचे सुमारे १ लाख ४६ हजार अर्ज आले होते आणि साधारण ९ टक्क्यांना प्रवेश मिळाला. किमान अट पूर्ण करणारी मुलंच जागांच्या कितीतरी पट असतात. त्यांना कोणत्या तरी एका आकड्यावर कापलं तर शेवटच्या मार्काला हजारो मुलं एका ओळीत सापडतील. म्हणून ते १३ निकष लावतात: कोणते विषय घेतले, कसे मार्क पडले, बारावीला काय घेतलंय, शाळेत काय उपलब्ध होतं, घरची परिस्थिती, शाळेबाहेर काय केलं. कुठल्या निकषाला किती वजन द्यायचं ते प्रत्येक कॅम्पस आपलं आपण ठरवतो. त्यामुळे एकाच मुलाला एका कॅम्पसचा होकार आणि दुसऱ्याचा नकार, यात विचित्र काही नाही.

आणि लॉटरीही नाही. माझा अर्ज ज्यांनी वाचला त्यांनी तो माझ्या शाळेच्या संदर्भात वाचला. ज्या शाळेत चारच एपी आहेत तिथे चार घेणं आणि जिथे पंचवीस आहेत तिथे चार घेणं, यात फरक करतात.

साडेतीन_शहाणा
इथेच माझा आक्षेप आहे. शाळेचा संदर्भ, घरचा संदर्भ, निबंध... यात मोजता येण्यासारखं काय उरलं? सॅट होती तेव्हा निदान एक समान माप होतं. यूसीने तेही काढून टाकलं. पालकांनी निबंध लिहून घेतला तर कळणार कोणाला?

गणिताची_बाई
शहाणे, तुमच्या बाजूने एक मुद्दा मीच देते. २०२० साली यूसीच्याच प्राध्यापकांच्या समितीने अभ्यास करून सध्या तरी परीक्षा ठेवा असं सुचवलं होतं, आणि प्राध्यापकांच्या सिनेटचंही तेच मत होतं. तरी मे २०२० मध्ये रीजंट्सनी (यूसीच्या नियामक मंडळाने) ती अट उठवली. पुढे कोर्टातल्या दाव्यात २०२१ ला तडजोड झाली आणि विषय संपला. आता पाठवलात तरी प्रवेशासाठी कोणी बघत नाही. सीएसयूनेही (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, राज्याचं दुसरं सरकारी विद्यापीठ) २०२२ मध्ये सॅट सोडली.

पण समान माप? माझ्या वर्गात एक मुलगा शाळा सुटली की रात्रीपर्यंत टाकेरियात काम करतो, आणि त्याच्या शेजारचीला सॅटचा खाजगी शिक्षक घरी येऊन शिकवतो. पट्टी एकच, पण एकजण स्टुलावर उभा आहे.

मधुरा, तुमच्यापुरतं उत्तर: यूसी आणि सीएसयूखेरीज कुठेच अर्ज करायचा नसेल तर सॅटचा क्लास लावू नका. ते पैसे ठेवा, लागतील.

पन्हाळकर_ऑस्टिन
दीर बोलले ते टेक्सासपुरतं अगदी खरं आहे, म्हणून लिहितो. १९९६ साली कोर्टाच्या एका निकालाने प्रवेशात वंश विचारात घेणं इथे बंद झालं, त्यावर तोड म्हणून १९९७ मध्ये कायदा केला: टेक्सासमधल्या प्रत्येक हायस्कूलच्या पहिल्या १० टक्क्यांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश. यूटी ऑस्टिनला (टेक्सास विद्यापीठाचा ऑस्टिन कॅम्पस) इतकी मुलं येऊ लागली की २००९ मध्ये वेगळी मर्यादा घालावी लागली: राज्यातल्या मुलांच्या जागांपैकी ७५ टक्के या वाटेने भरायच्या. त्यामुळे तिथला टक्का खाली येत गेला, बरीच वर्षं ६ होता, २०२६ च्या फॉलपासून ५. टेक्सास ए अँड एमला अजून १० च.

आता यातली मेख. थेट प्रवेश विद्यापीठाला, मेजरला (मुख्य विषयाला) नाही. पहिल्या पाच टक्क्यांत आहे म्हणून कम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग किंवा बिझनेस मिळेल असं नाही, तिथे पुन्हा चाळणी. आमच्या ओळखीत एकाला थेट प्रवेश मिळाला, हवं ते मेजर मिळालं नाही, आणि तो सहा महिने तोंड पाडून बसला. शिवाय नुसता नंबर पुरत नाही, हायस्कूलचा 'डिस्टिंग्विश्ड' स्तरही पूर्ण करावा लागतो, त्यात अल्जीब्रा टू (बीजगणिताचा दुसरा कोर्स) आलं. आणि यूटी ऑस्टिनने सॅट किंवा एसीटी (तशीच दुसरी परीक्षा) २०२५ च्या फॉलपासून परत सक्तीची केली, थेट प्रवेशवाल्यांनाही स्कोअर द्यावा लागतो. म्हणजे दिरांचं 'सॅट-बिट राहू दे' हे अर्धं चुकलं. सांगा त्यांना, माझं नाव सांगू नका.

टोमणेकाका
गणपतीत मंडळात भेटाल तेव्हा कळेलच की.

अर्धा_कप_चहा
पन्हाळकर, शाळेत नंबर वर यावा म्हणून घर बदलणारे लोक असतात असं ऐकलंय, खरंच असतात का?

पन्हाळकर_ऑस्टिन
असतात. नावाजलेल्या शाळेत पहिल्या पाच टक्क्यांत येणं म्हणजे तारेवरची कसरत, म्हणून नवव्या इयत्तेआधी जरा कमी चुरशीच्या शाळेच्या हद्दीत जाणारे लोक मी पाहिलेत. आधी चांगल्या शाळेसाठी महाग घर घ्यायचं, मग त्याच शाळेला घाबरून ते विकायचं. रिअल इस्टेट एजंट तेवढे आनंदात.

खडीसाखर
सगळे जीपीएवर बोलताय आणि मूळ प्रश्नातली महत्त्वाची गोष्ट कोणीच विचारत नाहीये. मधुराताई, तुम्ही कोणत्या व्हिसावर आहात?

मधुरा_एन
नवरा एच-१बी (नोकरीचा व्हिसा), आम्ही दोघी एच-४ (त्याच्या कुटुंबाचा). का हो?

खडीसाखर
फीसाठी. कॅलिफोर्नियाचे रहिवासी धरलं तर एक फी, नाही धरलं तर यूसीत त्यावर अनिवासी शुल्क चढतं, २०२५-२६ ला नव्याने येणाऱ्यांना ते वर्षाला ३७ हजार डॉलरच्या वर आहे. फी सोडून, वरचं. प्रवेशाची किमान अटही बदलते, रहिवाशांना ३.०, बाहेरच्यांना ३.४.

चांगली बातमी: एच-१ आणि एच-४ वर असलेल्यांना कॅलिफोर्नियात रहिवास सिद्ध करता येतो. ३६६ दिवस इथे राहिलेलं हवं आणि इथेच राहण्याचा इरादा कागदावर दिसायला हवा: ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा टॅक्स, घराचा करार. मुलगी लहान आहे म्हणून तुमचाही रहिवास बघतील. तुमच्याकडे वेळ भरपूर आहे, फक्त आत्तापासून एक फाइल करा.

वाईट बातमी: एच-४ वर फीसाठी फेडरल (केंद्र सरकारची) आर्थिक मदत मिळत नाही. आणि २१ पूर्ण झाल्यावर एच-४ संपतो. ग्रीन कार्डची रांग तोवर सरकली नाही तर एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घ्यावा लागतो, आणि एफ-१ वर रहिवासाचा नियम वेगळा. बहुतेक मुलं तेव्हा तिसऱ्या-चौथ्या वर्षाला असतात. वकिलाशी हे आधीच बोलून ठेवा. पॉटलकमध्ये यावर कोणी बोलत नाही, कारण ज्यांचं ग्रीन कार्ड झालंय त्यांना आठवत नाही आणि ज्यांचं झालेलं नाही त्यांना आठवायचं नसतं.

मधुरा_एन
बापरे. हे खरंच कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला लिंक पाठवली. त्याचं उत्तर: 'रात्री बोलू.'

गणिताची_बाई
कालचं राहिलेलं.

भाषा: स्पॅनिश सक्तीची नाही. दोन वर्षांच्या भाषेची अट आहे, ती बऱ्याच वाटांनी पूर्ण होते. पुण्यात शाळेत हिंदी किंवा मराठी विषय म्हणून होती, ते मार्क आहेतच. त्याखेरीज मुलीला इंग्रजीशिवाय दुसरी भाषा पुरेशी येते असं शाळेने प्रमाणित केलं तरी चालतं. शाळेच्या कौन्सेलरना (विषय आणि कॉलेजबद्दल सल्ला देणाऱ्या) एक ईमेल करा, उत्तर लेखी घ्या. तोंडी 'यू शुड बी फाइन' यावर विसंबू नका. इथे मे महिन्यात कौन्सेलर बदलतात आणि नव्या कौन्सेलरला काहीच माहीत नसतं.

कला: इथे मात्र बाहेरून आलेली मुलं हमखास अडकतात. एकाच कलेचा वर्षभराचा कोर्स लागतो, आणि खाजगी क्लास त्यात धरत नाहीत. कथ्थकची मध्यमा परीक्षा झाली असली तरी नाही. ती परीक्षा अर्जात पुरस्कार-उपक्रमांच्या भागात लिहायची, तिथे २० नोंदी करता येतात आणि तिथे ती नक्की चमकते. पण 'एफ' गटाची जागा ती भरत नाही. सीबीएसई नववीत चित्रकला किंवा संगीत विषय म्हणून होतं का? प्रगतिपुस्तकावर काय लिहिलंय बघा.

मधुरा_एन
आर्ट एज्युकेशन अशी एक ओळ आहे, ग्रेड ए. विषय म्हणजे आठवड्याला एक तास, त्यातही बाई बहुतेक वेळा गणित घ्यायच्या.

टोमणेकाका
म्हणजे गणिताचं चौथं वर्ष तिथेच पूर्ण झालं.

वाटाड्या
हसू आलं. पण यावर साधा उपाय आहे. कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज). यूसीत चालणारा कॉलेजचा एका सेमिस्टरचा कोर्स हायस्कूलच्या वर्षभराच्या कोर्सइतका धरला जातो. कलेचा इतिहास किंवा म्युझिक अ‍ॅप्रिसिएशनसारखा एक कोर्स उन्हाळ्यात केला की 'एफ' गट मिटला. हायस्कूलच्या मुलांना बहुतेक ठिकाणी ट्यूशन माफ असते. जीपीएच्या हिशोबात त्याला ऑनर्ससारखा वाढीव गुणही मिळतो, त्या आठ सेमिस्टरच्या मर्यादेत. एवढंच लक्षात ठेवा की तो मार्क कायमच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर बसतो. सोपा म्हणून हलक्यात घेतला आणि सी आला, तर पुढे मेडिकल किंवा लॉला अर्ज करताना तोच सी दाखवावा लागतो.

आणि कम्युनिटी कॉलेजचा विषय निघालाच आहे तर: फ्रेशमन म्हणूनच शिरलं पाहिजे हा अट्टहास आपल्या लोकांत का आहे मला कळत नाही. तिथे दोन वर्षं, मग यूसीत ट्रान्स्फर. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस अटी पूर्ण केल्या तर ट्रान्स्फरची लेखी हमी देतात. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो हमी देत नाहीत, पण तिथेही कम्युनिटी कॉलेजची भरपूर मुलं घेतात. शेवटी डिग्रीवर नाव तेच.

चैत्रपालवी
वाटाड्या, म्हणणं पटतं. पण मंडळात कोणी विचारलं 'मुलगा कुठे?' की तोंडातून निघत नाही हो.

वाटाड्या
मग मंडळ बदला.

अर्धा_कप_चहा
मंडळावरून आठवलं. आमच्याकडे ढोल-ताशा पथकात पोरं जातात ती हल्ली तास लिहून सही मागतात. 'स्वयंसेवा' म्हणून. परवा मिरवणुकीच्या मध्यात एकजण वादन थांबवून फॉर्म घेऊन आला. कमरेला ढोल तसाच. पथकप्रमुख ज्या नजरेने बघत होता ती नजर अर्जात कुठल्या रकान्यात लिहायची?

ज्युनियर_गोंधळी
तो मी असू शकले असते 😄

पण खरं सांगू, तास मोजून काही होत नाही. यूसीच्या अर्जात निबंध म्हणजे पर्सनल इनसाइट प्रश्न, ते आठ असतात, त्यातले चार निवडायचे, प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्द. ३५० शब्द म्हणजे काहीच नाही. तिथे 'लहानपणापासून मला दोन संस्कृतींमध्ये' असं सुरू केलं की वाचणाऱ्याची पहिलीच डुलकी. मी ताशाबद्दल लिहिलं होतं. थंडीत चामडं ढिलं पडतं, पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या हीटरसमोर धरून ते गरम करावं लागायचं, ते काम माझ्याकडे होतं, आणि मी लहान मुलांचं वेळापत्रक लावून ते त्यांच्याकडून करून घेतलं. बस. नेतृत्वाच्या प्रश्नाला हेच उत्तर दिलं, नेतृत्व हा शब्द न वापरता.

शहाणे काका, निबंध लिहून घेणारे आहेत, मान्य. पण पालकांनी लिहिलेला निबंध ओळखू येतो. सतरा वर्षांची मुलगी 'होलिस्टिक ग्रोथ' असं लिहीत नाही.

साडेतीन_शहाणा
गाडीच्या हीटरवर ताशा. मान गए. तरी माझा आक्षेप कायम आहे.

रेडमंडचा_राघू
जरा उत्तरेकडूनही. कॅलिफोर्नियावाल्यांनो, राज्याबाहेरच्या सरकारी विद्यापीठांना 'सेफ्टी' (नक्की मिळेल असं) म्हणून अर्ज टाकता ना, ते जपून. यूडब्ल्यू (युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन) सिअ‍ॅटलला कम्प्युटर सायन्ससाठी बाहेरच्या राज्यातली मुलं फारच थोडी घेतात, आणि 'आधी आत शिरू, मग मेजर बदलू' हे तिथे जवळपास चालत नाही. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनचंही तेच, कम्प्युटर सायन्सला सुरुवातीलाच मिळालं तर मिळालं. जॉर्जिया टेक, पर्ड्यू आणि फ्लोरिडाची सरकारी विद्यापीठं सॅट किंवा एसीटी मागतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपेल हिलला बाहेरच्या राज्यातल्यांसाठी १८ टक्क्यांची मर्यादा आहे. सरकारी म्हणजे त्या त्या राज्याच्या करदात्यांचं, हे आपण विसरतो.

चैत्रपालवी
राघू, म्हणजे सॅटचा क्लास लावायचा की नाही?

रेडमंडचा_राघू
बाहेरच्या राज्यात जायचंय की नाही ते आधी ठरवा. दुप्पट-तिप्पट फी भरायची तयारी आहे का ते त्याच्याही आधी.

मधुरा_एन
सगळ्यांचे मनापासून आभार, शनिवारभर हेच वाचत बसले. आमचं सध्या असं ठरलंय: सॅट नाही. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजचा एक कलेचा कोर्स, लेकीला म्युझिक अ‍ॅप्रिसिएशन हवंय. भाषेचं शाळेकडून लेखी. रहिवासाची फाइल नवऱ्याच्या गळ्यात. वकिलाची अपॉइंटमेंट घेतली.

एक राहिलं. गणितात तिला इंटिग्रेटेड टू (बीजगणित-भूमिती एकत्र शिकवतात, त्याचं दुसरं वर्ष) मध्ये बसवलंय, पुण्यात निम्मं करून आलीय, कंटाळते. शाळा म्हणते पुढे अल्जीब्रा टू ऐवजी डेटा सायन्सही घेता येईल, सोपं आणि आधुनिक आहे. घेऊ का?

गणिताची_बाई
नको!! विज्ञान-इंजिनिअरिंगची थोडीशीही शक्यता असेल तर नको. असले डेटा सायन्स कोर्स अल्जीब्रा टूची जागा घेऊ शकत नाहीत असं यूसीच्या प्राध्यापकांच्या समितीने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. तुमच्याकडे इंटिग्रेटेड म्हणजे टू नंतर थ्रीच यायला हवा, तोच अल्जीब्रा टूच्या तोडीचा. चौथं जादा वर्ष म्हणून डेटा सायन्स घेतलंत तर माझी हरकत नाही. आणि कंटाळत असेल तर वरच्या वर्गाची प्लेसमेंट टेस्ट मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

खडीसाखर
आणि सीएसयू विसरू नका. तिथेही हेच ए टू जी, किमान जीपीए २.५, निबंध नाहीत. सॅन होजे स्टेट तुमच्या घराजवळ असेल तर राहण्याचा खर्चच वाचला. यूसीचा अर्ज कॅम्पसमागे ८० डॉलर, सीएसयूचा ७०. दोन्ही १ ऑक्टोबरपासून पाठवता येतात, मुदत साधारण नोव्हेंबर अखेरीची.

चैत्रपालवी
मुदतीवरून, एक खूप महत्त्वाचं. प्रवेश मिळाला की काम संपलं असं नाही. तो बारावीच्या निकालावर अवलंबून असतो, डी किंवा एफ ग्रेड चालत नाही. बारावीत विषय सोडला तर तो कळवावा लागतो. आमच्या ओळखीतल्या एकीने मार्चमध्ये होकार आल्यावर एपी फिजिक्स सोडलं, कोणाला सांगितलं नाही, आणि जुलैत प्रवेश रद्द का करू नये अशी नोटीस आली. कसाबसा वाचला, पण तो उन्हाळा घरात कोणी जेवलं नाही.

टोमणेकाका
होकार आल्यावर पेढे वाटायचे की निकाल आल्यावर, हे एकदा ठरवा. आम्हाला दोन्ही चालतील.

मधुरा_एन
इंटिग्रेटेड थ्री. नोंदवलं. प्लेसमेंट टेस्टचा ईमेल आत्ताच पाठवला. काका, पेढे तुम्हाला २०२८ मध्ये.

कोथरूडची_मीना
धागा वाचला, उपयोगी. माझा भाऊ अ‍ॅरिझोनात आहे, भाचा अकरावीला. तिथे पण हेच ए टू जी लागतं का?

रेडमंडचा_राघू
नाही, ए टू जी फक्त कॅलिफोर्निया. अ‍ॅरिझोनाची तीन सरकारी विद्यापीठं १६ विषयांची आपली यादी लावतात, तीही तिथल्या बोर्डाच्या साइटवर आहे. वेगळा धागा काढा, फिनिक्सचे दोघे-तिघे इथे वाचनमात्र असतात, त्यांना जाग येईल.